कोऱ्या जागेवरची रेघ

१

कपाट उघडं होतं, किल्ली कुलपाला लटकत होती आणि वही नव्हती.

हे घडलं रविवारी संध्याकाळी. मी आष्ट्यात उतरले सोमवारी सकाळी. मला कुणी चोर पकडायला बोलावलं नव्हतं, शिकवायला बोलावलं होतं. जिनदत्त चौगुले सर बारा दिवसांपूर्वी गेले होते. फळ्यासमोर उभे असतानाच छातीत कळ आली आणि गेले. त्यांच्या क्लासमधली दहावीची एकतीस मुलं इंग्रजीच्या पेपराला महिना असताना उघड्यावर पडली होती. म्हणून सरांचा मदतनीस मुकुल याने वाईला मला फोन केला. मी चारुशीला वैद्य. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. सर आणि मी तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासायला एका टेबलावर बसत होतो.

फोन आला तेव्हा मला दुःख झालं का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, नाही झालं. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला फारसं काही होत नाही. चहा गोड झाला तरी पिते, अगोड झाला तरी पिते. बॅग भरली आणि एसटीत बसले.

चौगुले सरांचा क्लास म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली. तिथे मुकुल पांढराफटक चेहरा घेऊन उभा होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस.

"मॅडम, निदान-वही गेली," तो म्हणाला.

निदान-वही मला ठाऊक होती. काळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड. वर्षभर सर प्रत्येक मुलाच्या उत्तरपत्रिका बघत आणि त्याच्या नावाच्या पानावर लिहून ठेवत. हा कुठे अडतो, हा काय टाळतो, ह्याच्याकडून शेवटच्या महिन्यात काय करून घ्यायचं. मग त्या महिन्यात ज्याला त्याला त्याचं पान वाचून दाखवायचं आणि तेवढंच घोटून घ्यायचं. बाकीचे क्लासवाले पोरांना गाइडं पाठ करायला लावत, सर ही वही उघडत. त्यांची पोरं पास होत ती या वहीच्या जोरावर.

"कुणी घेतली?" मी विचारलं.

उत्तर मुकुलने दिलं नाही. दारातून आत येणाऱ्या माणसाने दिलं. उदयसिंह थोरात. पालकांचे पुढारी, पांढरा शर्ट, आवाज मोठा.

"आवं मॅडम, घेणारा तुमच्याम्होरंच हुबा हाय की! सांगलीच्या मोठ्या क्लासात नोकरी लागलीया ह्याला, एप्रिलपास्नं. मोकळ्या हातानं कसं जायाचं? नेली वही." त्यांनी मुकुलपुढे हात पसरला. "खोलीची किल्ली दे हिकडं. आन् आयका, शनवारी पालकांची मीटिंग हाय. तवर वही आली न्हाई तर मी पोलिसात जाणार, आन् सांगलीला फोन करून ह्या गड्याचं सगळं सांगणार."

मुकुलने किल्ली दिली. घरी आजारी वडील आणि शिकणारी बहीण, हे मला नंतर कळलं. ती नोकरी गेली असती तर चोर म्हणून त्याला जिल्ह्यात कुणी दारात उभं केलं नसतं.

मी म्हटलं, "मी शिकवायला आलेय." पण मंगळवारी सकाळी साडेसहाला क्लास भरला, प्राचीने आपली सरावाची वही उघडली आणि ती ओरडली.

२

प्राची मगदूम ही शेजारच्या घरातली, वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. तिच्या सरावाच्या वहीत एक कागद घडी करून ठेवलेला होता. मुलं या वह्या खोलीतल्या फळीवरच ठेवून घरी जात.

"मॅडम, हे माझं पान हाय! सरांचं!"

सरांचं म्हणजे सरांच्या शब्दांतलं. अक्षर सरांचं नव्हतं. कुणीतरी निदान-वहीतलं प्राचीचं पान उतरवून काढलं होतं. 'उतारा न वाचताच उत्तर लिहायला धावते. उपाय: आधी प्रश्न, मग उतारा, मग पेन.' खाली सरांनी दिलेले इंग्रजी सराव-प्रश्न. अक्षर सुबक, पण एकेक वळण थांबत थांबत काढलेलं. मजकूर कागदाच्या निम्म्यात संपला होता. खालच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारलेली होती.

त्या दिवशी दहा मुलांना अशी पानं मिळाली. बुधवारी आणखी दहा. गुरुवारी अकरा. एकतीसच्या एकतीस.

आता बघा, वही विकायला नेणारा माणूस जागून एकतीस पानं हाताने उतरवून ज्याची त्याला पोचवत नाही. मी हे उदयसिंहांना सांगितलं तर ते हसले.

"सांगलीला देऊन झाली आसंल. आता साळसूदपना चाललाय."

"पण खोलीची किल्ली तुम्ही सोमवारीच काढून घेतलीत. पानं त्यानंतर आली."

त्यांनी हात झटकला. मत मात्र बदललं नाही. अशी माणसं मी शाळेत पुष्कळ पाहिली आहेत, मार्क वाढवून मागायला येणारी.

मुकुलला मी समोर बसवलं. "रविवारी काय झालं ते सांग. सगळं."

"भेटायला माणसं येत होती मॅडम. दुपारी बाराला प्राचीने कपाटातून खडू काढले, तेव्हा वही होती. मी चारच्या सुमाराला सगळ्यांसमोर म्हणालो, की सर नाहीत, तर पूर्ण वहीची झेरॉक्स काढू आणि पालकांना वाटू. झेरॉक्सवाल्या पप्पूला बोलावलं. तो पाचला आला. बघतो तर कपाट उघडंच, वही नाही."

"कपाटाची किल्ली?"

"घरात, मधल्या दाराच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे. खोलीचीही एक तिथेच असते. सकाळी प्राचीच उघडते."

"चार ते पाच खोलीत कोण गेलं?"

"मी गेलो होतो, बाकं सरळ करायला. एकटाच." त्याने मान खाली घातली. "तेच तर आहे ना मॅडम."

गुणमाला वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, घर आणि क्लासच्या खोलीमधल्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. वय पन्नाशीचं. त्या रडत नव्हत्या. मी आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मला पाहून त्या सोमवारी एवढंच म्हणाल्या होत्या, "आलासा बाई? बरं झालं." क्लास चालू असला की त्या उंबऱ्यावर बसून काहीतरी निवडत. प्राची म्हणाली, सर असतानाही तिथेच बसायच्या.

"वहिनी, रविवारी चार-पाचच्या मध्ये तुम्ही कुठे होतात?"

"चुलीपाशी. पाव्हणं हुतं घरात. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवनं उरकाय लागत्यात. मला इंग्रजीतलं काय कळतंय बाई, ती वही घिऊन मी काय करनार?"

बरोबरच होतं. मी त्यांना यादीतून काढून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी मी एकतीस पानं समोर पसरून बसले. प्रत्येकावर ती तिरकी रेघ. मला ती दिसत होती आणि दिसत नव्हती. माझी नजर तिच्यावरून सरळ घसरून जात होती, आणि का घसरते हेच मला कळत नव्हतं.

३

शुक्रवारी सकाळी क्लास सुटल्यावर मी पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. पप्पू मशीनला टेकून चहा पीत होता.

"मॅडम, आईशप्पत, वही मी बघितली बी न्हाई. मी आलो तवा कपाट मोकळंच."

"वहीचं राहू दे. सर शेवटी काय काय काढून न्यायचे?"

"दर आयतवारी टेस्टचा पेपर. बत्तीस कॉप्या."

"एकतीस."

"बत्तीस! लय वर्सं काढतोय मी, मला इसरंल व्हय? गेल्या वर्षी पोरं अठ्ठावीस हुती, तवा अठ्ठावीसच काढायचं. औंदा पोरं एकतीस आन् कॉप्या बत्तीस. मी म्हनलं एकदा, सर, एक जादा व्हतीया. तर म्हनलं, व्हऊ दे, तू काढ."

"एक स्वतःला ठेवत असतील."

"आवं, हातानं लिवल्याला पेपर त्यांच्याकडंच असायचा की. तो परत न्यायाचं."

मी परतताना पायरीवर प्राची भेटली. ती धुतलेला डबा हातात घेऊन निघाली होती.

"कुणाचा डबा?"

"आमचाच. सर गेल्यावर काकूंच्या घरी चूल न्हाई पेटली मॅडम. बारा दिवस आम्ही आळीतली माणसंच डबं आणत होतो. सोमवारपर्यंत आणलं. ह्यो रविवारचा राहिला होता, पाव्हण्यांसाठी भाकरी दिली होती आईनं. आज काकूंनी घासून दिला."

"रविवारी चूल पेटलीच नव्हती?"

"सुतक होतं न्हवं!"

मी त्या पायरीवर बसले. प्राचीला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी आणलं. मी प्यायले. चव कळली नाही, पण ती दोन वर्षं कळतच नव्हती.

चूल पेटली नव्हती, आणि वहिनी चुलीपाशी होत्या.

४

दुपारी वहिनींनी माझ्यापुढे एक कागद धरला. "बाई, बाजारात जानार हाय म्हनलासा. एवढं आणता का?"

साबण, शेंगदाणे, खडीसाखर, काड्यापेटी. चार ओळी मराठीत, कागदाच्या वरच्या टोकाला. खाली सगळा कागद कोरा. आणि त्या कोऱ्या जागेवर, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरकी रेघ.

आता मला कळलं माझी नजर का घसरत होती. ती रेघ माझ्याच हाताची होती. तीस वर्षं मी ती मारली आहे.

पेपर तपासणाऱ्याला सांगितलेलं असतं, उत्तर संपलं की उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारा, म्हणजे नंतर कुणी तिथे काही घुसडणार नाही. मुलं ती रेघ मारत नाहीत. दुकानदार मारत नाही. मुकुलने आजवर बोर्डाचा एकही पेपर तपासलेला नाही, त्याच्या हाताला ती माहीतच नाही. ती फक्त परीक्षकाच्या हाताला असते.

आणि परीक्षकाच्या घरच्यांच्या. हे कुणी कबूल करणार नाही, नियमात बसत नाही, पण गठ्ठे घरी आले की सगळं घर कामाला लागतं. आमच्याकडे बेरजा यजमान करायचे. चौगुले सर एकदा जेवणाच्या सुट्टीत हसत म्हणाले होते, "माझं काम फक्त लाल पेनाचं. पेन्सिल घरच्या खात्यात."

मी यादी घडी केली. "वहिनी, वही कुठे आहे?"

त्या उठल्या, धान्याच्या कोठीचं झाकण काढलं आणि ज्वारीत हात घातला. काळा पुठ्ठा वर आला.

"बत्तिसावं पान काढा," मी म्हणाले.

त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. पान मीच उघडलं. वर नाव नव्हतं. 'रोल नं. ३२' एवढंच. खाली सरांचं बारीक अक्षर: 'घरी तोंडी सगळं सांगते. कागद पुढे आला की घाबरते. उत्तर येत असतं तरी जागा कोरी सोडते. उपाय: चुकलं तरी चालेल, कोरं सोडायचं नाही.' पानाला पिनेने एक पावती लावलेली होती. दहावीच्या सतरा नंबर फॉर्मची, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांच्या. गुणमाला जिनदत्त चौगुले.

"लग्नाआधी बसले हुते," त्या भिंतीला सांगत होत्या. "इंग्रजीत सत्तावीस पडले. वडलांनी हिकडं सांगितलं, पोरगी मॅट्रिक पास हाय. ह्यास्नी पैल्या महिन्यातच कळलं. कुनाला बोलले न्हाईत कवा. तीस वर्सं गावातल्या बायका माझ्याकडं पोरींची प्रगतिपुस्तकं घिऊन येत्यात, सरांची बायको म्हनून. मी आपली मान हलवायची. गेल्या साली हे म्हनले, रिटायर झालो, आता मला येळ हाय, तू बस परीक्षेला."

"आणि मुकुल म्हणाला सगळ्या वहीची झेरॉक्स काढून वाटू."

"व्हय. पप्पू यायच्या आत घेतली. पान फाडावं म्हनलं, पर त्यांचं अक्षर. फाडवलं न्हाई. मग पोरांचं काय, त्यांचा महिना राहिलाय. म्हनून उतरून दिलं."

"वहिनी, मुकुलला चोर म्हणताहेत. तुम्ही सोमवारपासून ऐकताय."

त्या वळल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. असा चेहरा मी रोज सकाळी आरशात बघते.

"कळत हुतं बाई. पर लागत नव्हतं. ते गेल्यापास्नं मला कायबी लागत न्हाई. चटका बसला तर हात काढायचं सुचत न्हाई. मुकुल माझ्याम्होरं रडला, आन् मी मेथी निवडत बसले. आसं कसं झालं वो माझं?"

ह्याचं उत्तर मी दोन वर्षं शोधतेय. पण मुकुलचं तोंड मला आठवलं आणि पहिल्यांदा काहीतरी लागलं. लाज वाटली. आठवडाभर मीही त्याचं भविष्य उत्तरपत्रिकेसारखं तपासत होते.

"मी सांगेन, वही कपाटामागे पडलेली सापडली," मी म्हणाले. "तुमचं नाव येणार नाही."

"तुमी खोटं बोलनार?"

"बोलेन."

त्यांनी वही माझ्या मांडीवरून उचलली आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

५

शनिवारी दहाला पत्र्याच्या खोलीत पालक जमले. मुकुल मागच्या बाकावर बसला होता. उदयसिंहांनी मोबाइल हातात धरला होता, सांगलीचा नंबर काढून ठेवलेला.

"मग मॅडम? घावली का वही?"

मी उभी राहिले. खोटं तयार होतं. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"वही माझ्याजवळ हाय."

गुणमाला वहिनी टेबलापाशी आल्या. त्यांनी वही उघडून ठेवली, बत्तिसाव्या पानावर, सगळ्यांना दिसेल अशी.

"मी घेतली. मुकुलनं न्हाई. ह्ये माझं पान हाय. मी धावी नापास हाय. ह्या सालात पेपरला बसनार हुते, कुनाला कळू नये म्हनून वही लपवली. चोर म्हनायचं तर मला म्हना. फोन लावायचा तर माझं नाव सांगा."

उदयसिंहांनी मोबाइल खिशात घातला. मग परत काढला, उगाच बघितला, परत घातला. शेवटी मुकुलच्या बाकापाशी जाऊन खोलीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "घे रं," म्हणाले. माफी मागता न येणारी माणसं अशीच मागतात.

मुकुल त्या दिवशी काकूंशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते मला योग्यच वाटलं. तिसऱ्या दिवशी सराव-पेपर घेऊन आला, मोजून वाटले आणि एक उरला. तो त्याने उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"काकू, तीन तास. मध्ये उठायचं नाही."

त्या मेथी बाजूला ठेवून पहिल्या बाकावर प्राचीच्या शेजारी येऊन बसल्या. प्राचीने त्यांना सरकून जागा दिली आणि कानात सांगितलं, "आधी प्रश्न, मग उतारा, मग पेन."

इंग्रजीच्या पेपरापर्यंत मी वाईला परत गेले नव्हते. शाळेच्या फाटकाबाहेर पालकांच्या घोळक्यात उभी होते. एकतीस आयाबाप आपापल्या लेकरांसाठी आले होते. गुणमाला वहिनींसाठी मी होते. पेपर सुरू असताना मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. इतक्या दिवसांनी कुणाची तरी काळजी वाटतेय म्हणून मी ती तशीच राहू दिली.

दोन वाजता घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर पडला. सगळ्यांत शेवटी त्या आल्या. हातात पॅड, बोटांना शाई.

"कसा गेला?"

"ते निकालाला कळंल."

"कोरं किती सोडलंत?"

"प्रश्न एकबी न्हाई. चुकलं आसंल, पर लिवलं." त्या दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "शेवटाला दीड पान कोरं उरलं बाई. हात गेला पेन्सिलीकडं, रेघ मारायला. तीस वर्सांची सवय."

"मग?"

"ठेवली खाली पेन्सिल. म्हनलं, ती रेघ तपासणाराची. ह्या वक्ताला मी लिवनारी हाय."

एवढं बोलून त्या रस्त्यावरच रडायला लागल्या. पहिल्यांदाच, अगदी मोठ्याने. मी त्यांचं पॅड धरून उभी राहिले. माझे डोळे कधी भरले ते मला कळलं नाही. प्राची पाण्याची बाटली घेऊन धावत आली आणि तिला कळेना, आधी कुणाला द्यायची.